मोतीबिंदूच्या ऑपरेशनात जंतू येतात कुठून, आणि ते कळतं कसं

इंदूरच्या मराठी घरांत मोतीबिंदूचं ऑपरेशन अजूनही मुहूर्त पाहिल्यासारखं ठरतं. आधी पावसाळा सरू द्या, मग गणपती, मग दिवाळी, मग थंडीत बघू. डॉक्टरांकडे गेल्यावरही प्रश्न ठरलेले: भिंग देशी की परदेशी, खर्च किती, आयुष्मान कार्ड चालेल का, डोक्यावरून अंघोळ कधीपासून. जंतुसंसर्गाचं क्वचितच कोणी विचारतं. विचारलंच तर उत्तर मिळतं, ‘आमच्याकडे आजवर एकही केस झालेली नाही.’

हे उत्तर अगदी प्रामाणिक असू शकतं. तरीही त्यातून फारसं काही कळत नाही, आणि त्याचं कारण निव्वळ गणिताचं आहे.

समजा, एका डॉक्टरांनी ओळीने १००० ऑपरेशनं केली आणि एकाही डोळ्यात संसर्ग झाला नाही. म्हणजे धोका शून्य झाला का? संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा आडाखा आहे. एकही घटना दिसली नसेल, तर ३ ला एकूण ऑपरेशनांच्या संख्येने भागायचं. जो आकडा येईल तिथपर्यंत खरा धोका असू शकतो. त्याहून जास्त नसेल असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. १००० ऑपरेशनांना हा आकडा येतो ०.३ टक्के, म्हणजे ३३३ डोळ्यांत एक. चांगल्या केंद्रांचा दर याच्या कितीतरी खाली असतो. म्हणजे १००० निर्विघ्न ऑपरेशनांनंतरही ते केंद्र उत्तम आहे की सुमार, हे त्या शून्यावरून ओळखता येत नाही. प्रकार इतका विरळ आहे की एका डॉक्टरच्या अनुभवाच्या चिमटीत तो सापडतच नाही. म्हणून इथे ‘इतकी वर्षं करतोय’ हा पुरावा तोकडा पडतो आणि मोठ्या संख्येचं संशोधन लागतं.

डोळ्याच्या आत काय बिघडतं, ते आधी पाहू. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. हे भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं. ऑपरेशनात पिशवीची पुढची बाजू गोल कापतात, गढूळ भाग बाहेर काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. मशीनच्या कंपनांनी भिंग फोडून काढण्याच्या ‘फेको’ पद्धतीत छेद साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरचा असतो. शिबिरांतल्या रुग्णांवर बहुधा होणाऱ्या, मशीन न लागणाऱ्या छोट्या छेदाच्या पद्धतीत तो ६ ते ७ मिलिमीटरचा असतो. टाका दोन्हींत सहसा लागत नाही. पिशवीच्या मागे सुमारे ४ मिलिलिटर जेलीसारखा द्रव भरलेला असतो आणि त्याच्या मागे डोळ्याचा पडदा. या जेलीत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीराचं संरक्षण तिथे उशिरा पोहोचतं आणि जंतूंना वाढायला मोकळं रान मिळतं. पिशवीची मागची बाजू शाबूत असेल तोवर ती आडभिंतीचं काम करते. ती फाटली की पुढच्या भागात आलेल्या जंतूंना जेलीत थेट वाट मिळते आणि संसर्गाचा धोका कितीतरी वाढतो.

‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला इथेच महागात पडतो. फार पिकलेलं भिंग कडक होतं, ते फोडायला जास्त वेळ आणि जास्त जोर लागतो, आणि पिशवी फाटण्याची शक्यता वाढते. थंडीची वाट पाहण्याला आज काही वैद्यकीय आधार नाही. ऑपरेशन थिएटरमधलं तापमान आणि हवा बाराही महिने एकसारखी ठेवावी लागते.

जंतू बहुतेक वेळा रुग्णाचेच

संसर्ग झाला की पहिला संशय डॉक्टरांच्या हातांवर किंवा अवजारांवर जातो. पण सुट्या, एकेकट्या केसेसचा तपास काही वेगळंच सांगतो. १९९१ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात १७ रुग्णांच्या डोळ्याच्या आत सापडलेले जंतू त्यांच्याच पापण्यांवरच्या, डोळ्याभोवतीच्या आणि नाकातल्या जंतूंशी ताडून पाहिले. १७ पैकी १४ जणांचे जंतू हुबेहूब जुळले. पापण्यांच्या कडेला आणि पापणीच्या केसांच्या मुळाशी निरुपद्रवी म्हणून राहणारे जंतू छेदातून आत गेले होते.

म्हणून सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचा उपाय ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी होतो. पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं ते तपकिरी औषध: पापण्यांच्या बाहेरच्या कातडीला १० टक्क्यांचं, आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, ५ टक्क्यांचं. ते घातल्यावर किमान ३ मिनिटं थांबायचं. दिवसाला ३०–४० ऑपरेशनं करायची असतील तर ही ३ मिनिटं कापली जाण्याचा मोह प्रत्येक टेबलावर असतो. आणखी एक चूक सहजासहजी दिसत नाही: डोळा बधिर करायला लिग्नोकेनची जेली आधी लावली, की तिचा थर आयोडीनला पृष्ठभागापर्यंत पोहोचूच देत नाही. औषध दिल्याची नोंद होते, काम मात्र होत नाही. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आयोडीन, मग जेली.

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्याशी अश्रूंची पिशवी असते. ती तुंबून तिथे पू साचला असेल तर ऑपरेशन पुढे ढकलून आधी त्यावर उपचार करावे लागतात. कोपरा दाबून पाहणं किंवा अश्रूनलिकेत पाणी सोडून ती मोकळी आहे का पाहणं, ही तपासणी मिनिटभराची. ती झाली की नाही, हे रुग्णालाही आठवत असतं. विचारा.

एक इंजेक्शन आणि सहा लाख डोळे

ऑपरेशन संपताना भिंगाच्या पुढच्या पोकळीत अँटिबायोटिकचा एक थेंब सोडला तर संसर्ग कमी होतो का? प्रश्न साधा आहे, उत्तर मिळवणं अवघड. संसर्गाचा दर १० हजारांत ७ वरून २ वर येतो की नाही हे, कोणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवणाऱ्या चाचणीत तपासायचं, तर दोन्ही गटांत प्रत्येकी सुमारे २८ हजार रुग्ण लागतात. एवढी मोठी चाचणी कोण करणार?

युरोपातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने ९ देशांत १६ हजारांहून जास्त रुग्णांवर अशी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. सेफ्युरॉक्झिम हे अँटिबायोटिक, १ मिलिग्रॅम, ०.१ मिलिलिटरमध्ये, डोळ्याच्या आत. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्यात संसर्ग जवळजवळ पाचपट होता. टीकाही झाली: औषध न मिळालेल्या गटातला दरच मुळात जास्त होता, मग फायदा मोठा दिसणारच. टीकेत तथ्य होतं.

नंतरचा मोठा पुरावा आपल्याच देशातून आला. तामिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी सहा लाखांहून जास्त डोळ्यांच्या नोंदी २०१७ मध्ये मांडल्या. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी संसर्ग ०.०७ टक्के, नंतर ०.०२ टक्के. म्हणजे १० हजारांत ७ चे २. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, आधी आणि नंतर अशी तुलना होती. मधल्या काळात दुसरंही काही सुधारलं असेल, ही शंका अशा अभ्यासात राहतेच. पण युरोपातली चाचणी आणि अरविंदच्या नोंदी, दोन वेगळ्या रीतींनी केलेली कामं एकच दिशा दाखवतात. हे इंजेक्शन आता वादाचा विषय राहू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र हे इंजेक्शन तयार करण्यातही घात होऊ शकतो. सेफ्युरॉक्झिमची ७५० मिलिग्रॅमची बाटली शिरेतून देण्यासाठी बनलेली असते. त्या भुकटीत ७.५ मिलिलिटर सलाईन घातलं की १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध होतं. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन त्याचं १० मिलिलिटर करायचं, तेव्हा कुठे ०.१ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम येतं. घाईत दुसरी पायरी राहिली की दसपट डोस थेट डोळ्यात. त्याने जंतूंविनाच डोळा सुजतो, पडद्याला इजा होते. डोळ्यासाठीच बनवलेलं, एका रुग्णापुरतं तयार औषध वापरलं की ही मोजामोज टळते.

दोन जण एकाच दिवशी

आता गणित उलट दिशेने लावू. समजा, एखाद्या केंद्राचा संसर्गाचा दर हजारात १ आहे आणि एका दिवशी २० ऑपरेशनं झाली. त्यातल्या दोघांना निव्वळ योगायोगाने संसर्ग होण्याची शक्यता किती? साधारण ५ हजारांत १. म्हणून एकाच दिवसाचे दोन डोळे बिघडले तर तो योगायोग धरायचा नसतो. रुग्णांच्या पापण्या वेगवेगळ्या. मग सगळ्यांना मिळून एकच काय लागलं होतं, ते शोधायचं.

माळवा–निमाडला हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात बडवानीच्या जिल्हा रुग्णालयातल्या शिबिरानंतर ४० हून जास्त रुग्णांची दृष्टी गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंदुरातच, शासकीय कार्यक्रमाखाली झालेल्या ऑपरेशनांनंतर ११ जणांवर ती वेळ आली. अशा प्रत्येक वेळी बातम्यांत ‘डॉक्टरांचा निष्काळजीपणा’ हे दोन शब्द येतात आणि थिएटर सील होतं. तपासाचा खरा भाग त्यानंतर सुरू व्हायला हवा.

सगळ्यांना मिळून लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. पहिला संशय डोळ्यात सतत सोडल्या जाणाऱ्या द्रवावर, म्हणजे रिंगर लॅक्टेट किंवा तत्सम बाटलीवर. एकाच बाटलीतून नळी काढून तीन–चार रुग्णांना द्रव देणं, हवा जायला बाटलीच्या वरच्या अंगाला साधी सुई टोचून ठेवणं, उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरणं: यातलं एकही चालत नाही. दुसरा संशय पिशवी नीट दिसावी म्हणून वापरल्या जाणाऱ्या निळ्या रंगावर आणि डोळ्यात भरल्या जाणाऱ्या चिकट जेलवर. तिसरा फेको मशीनच्या नळ्यांवर. त्या आतून ओल्या राहिल्या की त्यांत स्यूडोमोनस नावाचा जंतू घर करतो. ओलावा आणि जरासा वेळ, एवढं त्याला पुरतं. चौथा संशय ऑटोक्लेव्हवर, म्हणजे दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर.

ऑटोक्लेव्हबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण रुग्णालय पाहायला गेलेल्यांना तेच मोठ्या अभिमानाने दाखवलं जातं. १२१ अंश सेल्सियस, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या सेटसाठी साधारण ३० मिनिटं. पाकिटावरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या की काम झालं, असं समजतात. ती टेप एवढंच सांगते की बाहेरून उष्णता लागली. नळीसारख्या पोकळ अवजाराच्या आत हवा अडकून राहिली असेल तर वाफ तिथे पोहोचतच नाही. टेप तरी काळीच होते. म्हणून पोकळ अवजारांना हवा आधी खेचून घेणारं यंत्र लागतं, पाकिटाच्या आत वेगळी दर्शक पट्टी ठेवावी लागते, आणि आठवड्यातून किमान एकदा जिवंत बीजाणूंची, म्हणजे जंतूंच्या सर्वात चिवट रूपाची, चाचणी करावी लागते. या बीजाणूंना मारणं फार कठीण. ते मेले तर बाकीचे जंतू मेले असं धरायला आधार मिळतो. त्या चाचणीची वही असते. वही नसेल तर चाचणी होत नाही, एवढं समजून घ्या.

तपास फसतो तो बहुतेक वेळा कचऱ्याच्या डब्यात. चार दिवसांनी पथक येतं तोवर त्या दिवसाच्या बाटल्या, नळ्या, सिरिंजा फेकलेल्या असतात, थिएटर धुतलेलं असतं, आणि कोणत्या रुग्णाला कोणत्या बॅचचा द्रव गेला याची नोंद नसते. मग नमुन्यांत काही उगवत नाही आणि अहवालात ‘कारण निश्चित करता आले नाही’ असं येतं. औषधांच्या घाऊक दवा बाजारातून एकाच बॅचची खोकी चार रुग्णालयांत गेली असतील, तर हे न कळणं पुढच्या तीन रुग्णालयांच्या अंगाशी येतं. प्रत्येक केसपेपरवर द्रवाचा, रंगाचा, जेलचा बॅच नंबर लिहिणं आणि उघडलेल्या बाटल्या पहिली तपासणी होईपर्यंत राखून ठेवणं, याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

घड्याळ

संसर्ग झालाच तर डोळा वाचेल की नाही, हे बव्हंशी तासांवर ठरतं. स्यूडोमोनससारखा जंतू एक–दोन दिवसांत पडद्याची वाताहत करतो. उपचार असा: डोळ्याच्या जेलीतून नमुना घ्यायचा आणि त्याच वेळी व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम व सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये, जेलीतच टोचायचं. जेलीच काढून टाकायची मोठी शस्त्रक्रिया लगेच कोणाला करावी, यावर १९९५ मध्ये ४२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त उजेड कळतो इतकीच दृष्टी उरली असेल तर ती शस्त्रक्रिया तातडीने केल्याने फायदा झाला. हाताची हालचाल दिसत असेल तर इंजेक्शनानेही तेवढाच झाला. शिरेतून अँटिबायोटिक दिल्याने त्या रुग्णांत काही फरक पडला नाही.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. संसर्ग झालेल्यांपैकी दुखत होतं फक्त ७४ टक्क्यांना. म्हणजे चारातल्या एकाला दुखलंच नाही. धूसर दिसण्याची तक्रार मात्र ९४ टक्क्यांना होती. म्हणून ‘दुखत नाही ना, मग ठीक आहे’ हा हिशेब चुकीचा. ऑपरेशननंतर दृष्टी रोज थोडी सुधारत जायला हवी. काल भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं आणि आज दिसत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. रोज सकाळी चांगला डोळा तळहाताने झाकून एकाच जागेवरून तेच कॅलेंडर पाहायला लावा. आजी–आजोबा आपणहून सांगत नाहीत.

इथे सोय आणि दर्जा या दोन गोष्टी एकमेकींत अडकतात. देपालपूरच्या पुढच्या एखाद्या गावातून बाबांना शिबिराच्या गाडीने आणलं, ऑपरेशन फुकट झालं, गाडीने परत सोडलं. तिसऱ्या रात्री डोळा लाल झाला. गाडी आता नाही, मुलगा कामावर, शेजारचे म्हणतात ‘ऑपरेशन झालंय, दुखणारच’. गावातल्या दुकानातून आणलेल्या थेंबांवर दोन दिवस निघतात. ऑपरेशनपर्यंतची सोय झाली होती, त्यानंतरची नव्हती. चांगल्या शिबिरात रुग्णाचा, आणि घरातल्या आणखी एकाचा, फोन नंबर घेतात; पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तपासतात; रात्री उचलला जाणारा नंबर देतात. एकाच्या डोळ्यात संसर्ग दिसला तर त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या बाकी सगळ्यांना, तक्रार असो वा नसो, फोन करून परत बोलावतात.

या अडकलेपणाचा जगभरचा हिशेबही झाला आहे. आरोग्यसेवेच्या दर्जावर लॅन्सेट ग्लोबल हेल्थने नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये अंदाज मांडला: गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत योग्य उपचारांनी टळू शकणाऱ्या मृत्यूंपैकी वर्षाला सुमारे ५० लाख मृत्यू दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांचे असतात, त्यांना मिळालेल्या सेवेचा दर्जा वाईट म्हणून. न पोहोचलेल्यांचे ३६ लाख. मोतीबिंदूतही आता नुसती ऑपरेशनं मोजणं मागे पडतंय. २०२१ च्या जागतिक आरोग्य परिषदेत देशांनी मान्य केलेलं माप वेगळं आहे: ज्यांना ऑपरेशनची गरज होती, त्यांतल्या किती जणांचं ते झालं आणि त्यानंतर त्यांना ६/१२ (निकोप डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारं ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसतं. ‘यंदा अमुक हजार ऑपरेशनं’ या फलकातून यातलं काही कळत नाही.

मग तुम्ही विचारायचं काय? संसर्ग किती झाले हे विचाराच, पण त्याच दमात विचारा, किती ऑपरेशनांत, आणि महिनाभराने त्यातले किती जण परत तपासले. हजारातले पाचशेच परत आले असतील, तर उरलेल्या पाचशेंच्या डोळ्यांचं काय झालं हे रुग्णालयालाही ठाऊक नसतं. शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडता का, प्रत्येकाला द्रवाची वेगळी बाटली आणि अवजारांचा वेगळा सेट असतो का, हेही विचारा. नीट चालवलेल्या जागी या प्रश्नांचा राग येत नाही. भिंगाच्या खोक्यावरचं नंबराचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि ते कार्ड फाइलमध्ये जपा. घरी आल्यावर थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या.

आणि कोणी ‘दोन्ही डोळे एकाच दिवशी उरकून टाकू’ म्हटलं, तर तेही काही ठिकाणी काळजीपूर्वक केलं जातं, पण एका अटीवर: दुसरा डोळा दुसऱ्याच रुग्णाचा समजायचा. नवे हातमोजे, पुन्हा आयोडीन आणि पुन्हा ती तीन मिनिटं, ऑटोक्लेव्हच्या वेगळ्या फेरीत निघालेला सेट, द्रवाची आणि औषधांची वेगळी बॅच. एवढी तयारी नसेल तर दुसऱ्या डोळ्याला काही आठवड्यांनी यायचं.